भाकणूक चुकली, तर चुकली म्हणू या

अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत काम करणाऱ्या कोल्हापूर जिल्ह्यातील मित्रमैत्रिणींना,



दसरा झाला की आमच्या भागात यात्रांचे दिवस सुरू होतात. हातकणंगले तालुक्यात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. कागलच्या शेजारीच, सीमेपलीकडे निपाणी तालुक्यात, कुर्ली-आप्पाचीवाडीला हालसिद्धनाथांची भरते. पुढे फाल्गुनात आदमापूरला बाळूमामांचा भंडारा होतो. या ठिकाणी देवापुढे येत्या वर्षाची भाकणूक सांगितली जाते आणि दुसऱ्या दिवशी ती वर्तमानपत्रांत मोठ्या मथळ्यानं छापून येते. मग तुमच्यापैकी कोणीतरी विचारतं, "गेल्या वर्षी सांगितलं त्याचं काय झालं?" भाविक चिडतात. तुम्ही आमच्या देवाच्या मागे लागला आहात, असं बोललं जातं. पुढच्या दसऱ्यापर्यंत विषय मिटतो आणि प्रश्न तिथल्या तिथेच राहतो.

मी कागल तालुक्यातला एक भाविक आहे. बिरदेवाचा भंडारा मी कपाळाला लावतो आणि बाळूमामांच्या मेंढ्या रानात बसल्या तर ते भाग्य मानतो. तरीही तुमचा प्रश्न मला रास्त वाटतो. त्याला भाविकाकडून सरळ उत्तर मिळायला हवं. ते देण्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

आधी भाकणूक काय असते ते सांगतो, कारण मथळ्यात ती अर्धीच येते.

पट्टणकोडोलीला भाकणूक सांगणारे फरांडेबाबा सोलापूर जिल्ह्यातल्या अंजनगावाहून पायी येतात. माणदेश, सांगलीचा पूर्वभाग, मग कृष्णा-वारणेचा पट्टा असा हा रस्ता आहे. ज्या मुलखातून मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या कळप घेऊन चाऱ्याच्या शोधात फिरले, तोच हा मुलूख. यात्रेच्या दिवशी रंगीत छत्र्या, ढोल आणि कैताळ यांच्या गजरात बाबा येतात. लोक भंडारा, खोबरं, खारका आणि मेंढीची लोकर उधळतात. जमीन पिवळी होते, माणसं पिवळी होतात, पायांखाली खोबऱ्याचे तुकडे चुरतात. हातात तलवार घेऊन बाबा हेडाम खेळतात, तलवार स्वतःच्या पोटावर मारून घेतात आणि मग भाकणूक सांगतात. सांगण्याला एक ठरलेली घडण आहे. पाऊस कोणत्या नक्षत्रात कसा पडेल, धान्याची धारण काय राहील, कोणती रास पिकेल, रोगराई कितपत, राजकारणात काय उलथापालथ होईल, एवढं त्यात येतं. आणि जो देवाची सेवा करील त्याला देव आपल्या कांबळ्याखाली घेईल, अशा अर्थाचं आश्वासनही येतं.

आप्पाचीवाडीला हेच रात्रभराच्या जागरानंतर पहाटे होतं. घोंगडी अंगावर ओढून माणसं बसलेली असतात. सांगणाऱ्याचा आवाज चढला की ढोल थांबतो. आता अनेकांच्या हातात मोबाईल असतो, रेकॉर्डिंग चालू असतं. माझ्यासारखे मात्र अजून कान टवकारून ऐकतात.

त्यानंतर काय होतं, तिकडे तुमचं लक्ष वेधायचं आहे. यात्रेहून परत आलेला कागलचा शेतकरी उसाची लागण कशी ठरवतो? काळम्मावाडीच्या धरणात पाणी किती आहे ते बघतो. बेणं कुठलं मिळतंय, कारखान्याकडे नोंद कधी लागणार, हाताशी पैसा किती, याचा हिशेब करतो. आमच्या शेजारच्या एका आजोबांना मी विचारलं होतं, "भाकणुकीत तर पाऊस चांगला सांगितलाय, मग आणखी बोअर कशाला मारताय?" ते म्हणाले, "देवानं सांगितलं ते त्येनं सांगितलं. पाणी आपलं आपल्याला बघाय नको व्हय?" त्यांची श्रद्धा माझ्यापेक्षा काकणभर जास्तच होती. भाकणुकीवर भरवसा टाकून पेरणी पुढे ढकलणारा किंवा पीकविमा न उतरवणारा माणूस मला आमच्या भागात भेटलेला नाही. म्हणजे ज्याला तुम्ही अंदाज समजून तपासता, तो अंदाज म्हणून आमचे लोकसुद्धा वापरत नाहीत. ते आणखी कशासाठी तरी पहाटेपर्यंत जागे राहतात. ते कशासाठी, हे सांगतोच. आधी तुमच्या आरोपाचं देणं देऊन टाकतो.

भाकणुकीतली पुष्कळ वाक्यं घडून येत नाहीत, हे खरं आहे. ती घडली असं दाखवायला आम्ही भाविक चार पळवाटा वापरतो, हेही खरं आहे.

पहिली पळवाट म्हणजे सैल शब्द. रोगराई येईल, मोठ्या माणसाची खुर्ची जाईल, महागाई वाढेल, ही वाक्यं जवळपास दर वर्षी असतात आणि जवळपास दर वर्षी खरी ठरतात. कोरोनानंतर गावोगाव लोक जुन्या भाकणुकीतली रोगराई शोधून दाखवू लागले. पण जे वाक्य प्रत्येक वर्षाला लागू पडतं, ते त्या एका वर्षाबद्दल काहीच सांगत नाही.

दुसरी पळवाट घटना घडून गेल्यावर सापडते. १९६२ च्या फेब्रुवारीत मकर राशीत सूर्य, चंद्र, पाच ग्रह आणि केतू एकत्र आले. त्या अष्टग्रहीची आठवण आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना अजून आहे. जगबुडी होणार म्हणून देशभर यज्ञ झाले, सप्ताह बसले, लोक भीतीनं गाव सोडून गेले. ३ ते ५ फेब्रुवारीचे दिवस आले आणि गेले. काही झालं नाही. ऑक्टोबरात चीननं आक्रमण केलं, तेव्हा हेच ते अष्टग्रहीचं फळ, असं सांगितलं जाऊ लागलं. जगबुडीचं भाकीत सरहद्दीवरच्या युद्धावर भागवून घेतलं. साडेआठ महिन्यांची मुदतवाढ मिळाली तर जगात कुठलं भाकीत खोटं ठरेल?

तिसरी पळवाट म्हणजे, 'इथं नाही, पण कुठंतरी घडलंच की.' चौथी सर्वांत वाईट. 'तुमची श्रद्धा कमी पडली म्हणून फळलं नाही.' या वाक्यानं चुकीचा भार सांगणाऱ्याच्या डोक्यावरून ऐकणाऱ्याच्या डोक्यावर जातो. मूल दगावलेल्या आईला हे वाक्य ऐकवणारी माणसं मी पाहिली आहेत. असं बोलणं ही श्रद्धेची सेवा नव्हे. तो शुद्ध क्रूरपणा आहे.

या चारही पळवाटा भाविकांनी सोडल्या पाहिजेत. त्यासाठी तुमच्या दबावाची वाट बघण्याची गरज नाही. देवाला खोट्या वकिलाची गरज पडते असं मानणं हाच देवाचा अपमान आहे.

आता भाकणूक का चुकते, याची खरी कारणं. इथं मी नुसत्या श्रद्धेवर बोलत नाही. ही कारणं तुम्हालाही पटतील.

एक कारण आकाशात आहे. भाकणुकीतला पाऊस नक्षत्रांवर सांगितला जातो. रोहिणी, मृग, आर्द्रा, तरणा पाऊस, म्हातारा पाऊस, मघा, हस्त. आज सूर्य ७-८ जूनला मृगात जातो आणि साधारण त्याच सुमाराला मोसमी वारे कोकणात येतात, म्हणून मृगाचा पाऊस हे समीकरण आपल्या अंगवळणी पडलं आहे. पण आपलं पंचांग निरयन आहे. पृथ्वीच्या अक्षाच्या संथ भ्रमणामुळे नक्षत्रांच्या तारखा ऋतूंच्या मानानं साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. वराहमिहिरानं सहाव्या शतकात बृहत्संहिता लिहिली. तिच्यात पावसाच्या लक्षणांवर अख्खे अध्याय आहेत. त्या काळी सूर्य आजच्या हिशेबानं मेच्या मध्याला मृगात जात असे. म्हणजे नक्षत्रांवर बसवलेलं पावसाचं जुनं ज्ञान आणि आजचा ऋतू यांत साधारण तीन आठवड्यांचं अंतर पडलं आहे. हे ज्ञान ज्यांनी निरीक्षणानं उभं केलं त्यांनी आभाळ डोळ्यांनी पाहिलं होतं. आपण त्यांचं पाहणं सोडून दिलं आणि त्यांनी काढलेलं कोष्टक तेवढं धरून ठेवलं.

दुसरं कारण जमिनीत आहे. कोल्हापूर जिल्ह्यात गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि पूर्वेला शिरोळला पाचशे-सहाशे. मध्ये अंतर फार तर शंभर किलोमीटरचं. आमच्या कागल तालुक्यातसुद्धा पश्चिमेच्या डोंगराकडचं गाव आणि पूर्वेच्या माळावरचं गाव यांचा पाऊस एक नसतो. 'पाऊस मनाजोगता होईल' हे एकच वाक्य ऐकून दोन गावचे दोन शेतकरी आपापला पाऊस मनात धरून घरी जातात. वर्षाअखेर एक म्हणतो खरं ठरलं, दुसरा म्हणतो खोटं.

तिसरं कारण माणसात आहे आणि माझ्या दृष्टीनं तेच मुख्य आहे. देव बोलतो असं मी मानतो. पण देवाचं बोलणं माणसाच्या तोंडातून येतं आणि माणसाच्याच कानात जातं. सांगणाऱ्याला त्याचा मुलूख, त्याची भीती, त्याच्या काळातल्या बातम्या असतात. ऐकणाऱ्याला त्याचं कर्ज असतं, त्याचा पक्ष असतो. त्यातून वार्ताहर एक ओळ उचलतो आणि ती बहुधा राजकारणाचीच असते. मनात गाळ असलेल्या दोन माणसांमधून वाहून आलेलं पाणी गढूळ निघालं, तर त्यात नवल नाही.

ही पाचवी पळवाट झाली, असं तुम्ही म्हणाल. या युक्तिवादानं मी भाकणूक वाचवायला निघालो असतो, तर ती पळवाटच होती. मी त्यातून उलटा निष्कर्ष काढतो. देवाचा शब्द माणसातून गाळून येत असेल, तर कुठल्याही माणसाला 'हे देवानं सांगितलं, म्हणून हे होणारच' असं छातीठोक सांगण्याचा अधिकार उरत नाही. सांगणाऱ्यानं नम्रच राहिलं पाहिजे आणि ऐकणाऱ्यानं आपली बुद्धी जागी ठेवली पाहिजे. हे काही मी आज नवीन शोधलेलं नाही. शकुन सांगणारे, भूत-भविष्य-वर्तमान जाणल्याचा दावा करणारे, यांचा आपल्याला कंटाळा आहे, असं तुकोबांनी स्वच्छ म्हणून ठेवलं आहे. तुकोबांच्या विठ्ठलभक्तीवर तर कुणाला शंका घेता येणार नाही. भविष्य न सांगताही देव पुरा पडतो, याची ती ग्वाही आहे.

चौथं कारण वेगळ्या जातीचं आहे. पुष्कळ भाकितं इशारे असतात, आणि इशारा खोटा ठरावा म्हणूनच दिलेला असतो. मूल बाहेर पळताना आई म्हणते, "पडशील, जपून जा." मूल जपून गेलं आणि पडलं नाही, तर आई खोटी ठरत नाही. बायबलमध्ये योनाची गोष्ट आहे. चाळीस दिवसांत निनवे नगराचा नाश होईल, असं त्यानं देवाच्या नावानं सांगितलं. राजापासून सगळे लोक पस्तावले, वागणं बदललं आणि नगर वाचलं. आपलं भाकीत फुकट गेलं म्हणून योना रागावला. देवानं मात्र माणसं आणि गुरंढोरं वाचली यातच समाधान मानलं. सांगणाऱ्याला आपली पत मोठी वाटली, देवाला गावाचा जीव मोठा वाटला. भाकणूक सांगणाऱ्या आणि ऐकणाऱ्या प्रत्येकानं ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पण हा आधारसुद्धा मी जपून वापरतो. लोक सुधारले म्हणून संकट टळलं, असं म्हणायचं तर काय सुधारलं ते दाखवता आलं पाहिजे. नाहीतर तीही पळवाटच.

भाकीत चुकल्यावर श्रद्धेचं काय होतं, याची जगानं पाहिलेली एक मोठी घटना आहे. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या शेतकऱ्यानं बायबलमधल्या आकड्यांचा हिशेब करून ख्रिस्त परत येणार असं सांगितलं. त्याच्या अनुयायांनी अखेर २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. हजारो लोक वाट पाहत राहिले. काहींनी तर पीक रानातच उभं ठेवलं होतं. तो दिवस साधा उगवला आणि मावळला. त्या लोकांचं दुःख मला खोटं वाटत नाही. नंतर कित्येकांनी तो मार्ग सोडला. काहींनी हिशेबाचा नवा अर्थ लावला आणि त्यातून पुढे १८६३ मध्ये सेव्हंथ डे ॲडव्हेंटिस्ट पंथ उभा राहिला. त्यांचं स्पायसर विद्यापीठ पुण्यात आहे आणि जगभर त्यांच्या शाळा, दवाखाने आहेत. नव्या अर्थाशी मी सहमत नाही. त्या दिवशीची घटना पृथ्वीवर नव्हे, स्वर्गात घडली, हे त्यांचं म्हणणं मला पटत नाही. पण ती माणसं पुढे टिकली ती शाळा आणि दवाखान्यांमुळे, हे मला दिसतं. श्रद्धेला जगायला भविष्य लागत नाही, काम लागतं.

आता हवामान खात्याबद्दल थोडं. भाविक नेहमी म्हणतात, "हवामान खातं चुकतं, त्यांना कोणी विचारत नाही." हे बरोबर नाही. त्यांना विचारलं जातं आणि ते उत्तरही देतात. १८७५ साली स्थापन झालेल्या या खात्यानं १८८६ पासून मोसमी पावसाचा अंदाज द्यायला सुरुवात केली. २००२ मध्ये त्यांनी सरासरीच्या १०१ टक्के पाऊस सांगितला आणि प्रत्यक्षात पडला ८१ टक्के. देशभर दुष्काळ पडला. खात्यानं चूक कागदावर नोंदवली आणि पुढच्या वर्षी अंदाजाची पद्धत बदलली. २०१९ मध्ये एप्रिलात ९६ टक्के सांगितला, पडला ११० टक्के. त्याच ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी ४३ फुटांच्या धोक्याच्या पातळीच्या कितीतरी वर गेलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला आणि अर्धा जिल्हा पाण्यात उभा राहिला. अंदाज चुकल्याचा तो आकडाही खात्याकडे लिहिलेला आहे. माणसाचा प्रत्येक अंदाज चुकू शकतो. प्रामाणिकपणा दिसतो तो आदल्या वर्षीचं पान उघडं ठेवण्यात. हे पान भाकणुकीला नाही, ते असायला हवं.

मग माणसं पहाटेपर्यंत कशासाठी जागतात? मला समजतं ते असं. शेतकऱ्याची आणि मेंढपाळाची चिंता वर्षभर एकट्याची असते. पाऊस, भाव, जनावराचं दुखणं, पोराची नोकरी, सगळं त्याच्या उराशी. भाकणुकीच्या रात्री ही सगळी चिंता हजारो माणसांसमोर, देवासमोर, मोठ्या आवाजात बोलली जाते. पावसाचं भय बोललं जातं, महागाईचं बोललं जातं, उसाच्या दरावरून आणि दुधाच्या दरावरून होणारी भांडणं बोलली जातात, भावाभावांतलं वैर बोललं जातं. काहीही झालं तरी कांबळ्याखाली जागा आहे, हा दिलासाही मिळतो. आपण एकटे नाही हे कळून माणूस रानात परततो आणि बोअर मारायला घेतो. जर्मनीहून आलेल्या गुंथर सोन्थायमर यांनी आयुष्याची कित्येक वर्षं धनगरांच्या बिरोबा-म्हस्कोबा-खंडोबाच्या परंपरांचा माग काढण्यात घालवली. या उपासनेत एका फिरत्या समाजाचा इतिहास, मुलूख आणि नाती साठवलेली आहेत, हे त्यांनी जगाला दाखवलं. पावसाचं वाक्य चुकलं म्हणून हा सगळा ठेवा चुकत नाही.

मित्रहो, तुमच्या चळवळीनं फार मोठी किंमत मोजली आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. १६ फेब्रुवारी २०१५ ला आमच्या कोल्हापुरात गोविंद पानसरे आणि उमा पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी पानसरे गेले. प्रश्न विचारणाऱ्याला मारून देव मोठा होत नाही, हे भाविकांनी तुमच्याही आधी म्हणायला हवं, म्हणून इथं म्हणतो. शिवाय प्रश्न विचारणं आमच्या मातीला परकं नाही. कागलच्या घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर गेलेल्या शाहू महाराजांच्या काळात, १९११ मध्ये, कोल्हापुरात सत्यशोधक समाज उभा राहिला. त्याच कागलात गहिनीनाथ-गैबीपीराचा उरूस हिंदू-मुसलमान मिळून करतात. सत्यशोधन आणि देवाचा उरूस ही दोन्ही आमचीच आहेत.

तुमच्या प्रयत्नांनी २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या कायद्यानं यात्रा, वारी, कीर्तन, नंदीबैलवाले, जोशी-ज्योतिषी यांना हात लावलेला नाही. लुबाडणूक, अघोरी उपचार आणि जिवाशी खेळ यांनाच तो धरतो. हा विवेक तुमच्या कायद्यात आहे, तो तुमच्या भाषणांतही असावा, ही माझी पहिली विनंती. रात्रभर पायी चालून आलेल्या म्हातारीला अडाणी म्हणू नका. घरात बसून पैसे घेऊन करणी सांगणारा आणि उघड्यावर, सगळ्या गावासमोर, कुणाचं नाव न घेता भाकणूक सांगणारा, हे दोघे एका मापानं मोजू नका.

दुसरीकडे भाविकांसाठी मी तीन पथ्यं मागतो. भाकणुकीत कुणा माणसावर, कुणा घरावर, कुणा जातीवर संकटाचा दोष येऊ नये. भाकणूक ऐकून कुणी औषध थांबवू नये की डॉक्टरांकडे जायचं टाळू नये. आणि भाकणुकीतल्या राजकारणाच्या ओळी कुठल्याही पक्षानं प्रचाराला वापरू नयेत, कारण तिथं देवाचा शब्द विकायला निघतो.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते सांगतो.

२००८ मध्ये जयंत नारळीकरांनी अंधश्रद्धा निर्मूलन समिती आणि संख्याशास्त्रज्ञांच्या मदतीनं फलज्योतिषाची एक चाचणी घेतली. हुशार विद्यार्थी आणि बौद्धिक अपंगत्व असलेली मुलं यांच्या दोनशे कुंडल्या गोळा केल्या. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० कुंडल्या पाहून कोणती कुणाची ते सांगितलं. सरासरी ४६ टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवून सांगितलं असतं तर पन्नासच्या आसपास आली असती. या चाचणीत कुणाची टिंगल नव्हती. खरं-खोटं कशावर ठरेल हे आधी ठरलं होतं आणि निकाल सर्वांसमोर मांडला गेला. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय तृतीयेला घटमांडणी होते. धान्यं मांडून दुसऱ्या दिवशी पहाटे त्यावरून पाऊस-पीक सांगतात. तिच्यावरून भाविकांचा आणि तुमचा वाद वर्षानुवर्षं चालला आहे. आमच्याकडे तो वाद नुसता वाद राहू नये असं मला वाटतं.

म्हणून माझा प्रस्ताव असा. ज्या गावाची तयारी असेल त्या गावात भाकणुकीची वही ठेवू या. यात्रा समिती आणि तुम्ही मिळून. भाकणूक झाली की प्रत्येक वाक्य सांगितलं तसं, तारीख टाकून, लिहायचं. त्याच दिवशी दोघांनी बसून ठरवायचं की हे वाक्य घडलं असं कधी म्हणायचं. कुठल्या गावाचा पाऊस, कुठल्या बाजार समितीतला भाव, किती दिवसांत. जे वाक्य कशानंच तपासता येत नाही त्याच्यापुढे 'तपासता येत नाही' असं लिहायचं आणि ते खऱ्यात धरायचं नाही. जे दर वर्षी असतं तेही धरायचं नाही. पुढच्या यात्रेला, नवी भाकणूक सुरू होण्याआधी, जुनी वही देवळाच्या पायरीवर मोठ्यानं वाचायची. घडलं तिथं घडलं म्हणायचं. चुकलं तिथं चुकलं म्हणायचं, कारण न देता.

वहीत काय निघेल? पुष्कळ ओळींपुढे 'घडलं नाही' येईल, अशी माझी समजूत आहे. काहींपुढे 'घडलं' येईल आणि त्यातल्या बहुतेक योगायोगानंही येऊ शकतील, हे मला मान्य आहे. निकाल काहीही लागो, बिरदेवाच्या यात्रेला मी जाणारच. पाऊस सांगतो म्हणून मी त्या देवाकडे गेलेलो नाही. ज्या दिवशी वही वाचून एखादा पोरगा म्हणेल, "देवावर माझा विश्वास आहे, पण भाकणूक चुकली," आणि त्याच्या बापाला त्यात काही वावगं वाटणार नाही, त्या दिवशी श्रद्धा कणभरही कमी होणार नाही. तिच्या मागचं भय मात्र जाईल. भय गेलं की करणी सांगणाऱ्याचं दुकान चालत नाही. म्हणजे तुमचंही काम होईल आणि आमचंही.

यात्रा समित्यांशी मी बोलायला सुरुवात करतो. तुमच्या बाजूनं वहीवर बसायला कोण येणार आणि पहिलं गाव कुठलं धरायचं, हे दसऱ्याच्या आत कळवा.

आपला,
कागल तालुक्यातील एक भाविक